तीन चलांची समीकरणे: आधी लोप पद्धत की थेट मॅट्रिक्स?

मार्कंडेयकाठ
मंडळी, आपल्या भागातल्या, म्हणजे बेळगावकडच्या मुलांपुरता एक नेमका प्रश्न आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटक बोर्डाची दहावी) झालेली मुले दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकतात. आलेख, आदेश, लोप, एवढेच. पुढे फर्स्ट पीयूत (अकरावीत) तीन चलांची समीकरणे अशी येतच नाहीत. आणि सेकंड पीयूत (बारावीत) एकदम मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट), निश्चयक (त्या चौकटीतून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या), ॲडजॉइंट, इन्व्हर्स, तेही इंग्रजीतून. मधली पायरी गायब.

माझे मत असे की सेकंड पीयूच्या आधीच्या सुट्टीत तीन चलांची लोप पद्धत (समीकरणे एकमेकांतून वजा करून एकेक चल घालवणे) हाताने पक्की करून घ्यावी, मॅट्रिक्सला नंतर हात घालावा. काही शिक्षकांचे म्हणणे उलट आहे: परीक्षेत मॅट्रिक्स मेथडच विचारतात, मग तीच घोटवा. तुमचे काय मत?

बोलायला सोयीचे म्हणून एक गणित घेऊ. पदार्थ आपल्याकडचेच गोड, भाव मनचे आहेत, बाजारात शोधायला जाऊ नका. कुंद्याचा डबा क रुपये, करदंटाचा डबा द रुपये, एक मांडा म रुपये. तीन बिले:

(१) २क + द + ३म = ५१०
(२) क + २द + म = ४६०
(३) ३क + द + २म = ५९०

---

शहापूरची_वहिनी
मांडा चाळीसला मिळणार असेल तर आधी पत्ता द्या, समीकरण नंतर. :)

---

अथणीकर
वहिनींनी उत्तर आधीच फोडलं, म = ४० च येतं. तरी कसं येतं ते लिहितो, कारण मुलं चुकतात ती नेमकी या कृतीत.

आधी तिन्ही ओळींत सहगुणक १ कुठं आहे ते बघा. (२) मध्ये क चा सहगुणक १ आहे. तीच ओळ पाया धरा आणि बाकीच्या दोन्ही ओळींतून क च काढा.

(१) मधून (२) ची दुप्पट वजा: −३द + म = −४१० … (४)
(३) मधून (२) ची तिप्पट वजा: −५द − म = −७९० … (५)

आता (४) आणि (५) ची बेरीज: −८द = −१२००, म्हणजे द = १५०.
(४) मध्ये घाला: म = ४५० − ४१० = ४०.
(२) मध्ये घाला: क = ४६० − ३०० − ४० = १२०.

पडताळा (१) आणि (३) मध्ये घ्यायचा. (२) मध्ये घेऊन उपयोग नाही, क तिथूनच काढलाय. (१): २४० + १५० + १२० = ५१०. (३): ३६० + १५० + ८० = ५९०. जमलं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगतो. मुलं (१) आणि (२) मधून क काढतात, आणि (२) आणि (३) मधून म काढतात, कारण तिथं म सोपा दिसतो. मग हातात एक समीकरण द-म चं आणि दुसरं क-द चं. चलं अजून तीनच, समीकरणं दोन. पुढं गाडी अडते आणि मुलाला वाटतं गणितच चुकीचं आहे. पहिल्या फेरीत दोन्ही वेळा एकच चल जायला पाहिजे, हे वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला लावा.

---

तिनईघाट
+१. आणि दुसरी चूक: (१) व (२) मधून क काढला, मग (२) ची तिप्पट करून पुन्हा (१) शीच जुळवत बसतात. (३) ला हातच लागत नाही. शेवटी ० = ० येतं आणि "अनंत उकली" लिहून मोकळे. तिन्ही ओळी वापरल्या का, हे आधी तपासायचं.

---

गडहिंग्लज_ते_बेळगाव
आमच्या बाजूची, म्हणजे महाराष्ट्र बोर्डाची मुले दहावीतच दोन चलांना क्रेमरची पद्धत शिकून येतात. चंदगड-गडहिंग्लजची जी मुले पीयूला बेळगावात येतात त्यांना निश्चयक हा शब्द नवा नसतो. त्यांच्यासाठी तीन चलांना क्रेमर हाच सरळ रस्ता नाही का? वरचेच गणित:

नि = २(४ − १) − १(२ − ३) + ३(१ − ६) = ६ + १ − १५ = −८

क चा रकाना काढून तिथे ५१०, ४६०, ५९० बसवले की
निक = ५१०(४ − १) − १(९२० − ५९०) + ३(४६० − ११८०) = १५३० − ३३० − २१६० = −९६०

क = −९६० ÷ −८ = १२०. तसेच निद = −१२००, निम = −३२०. द = १५०, म = ४०. साचा ठरलेला, विचार कमी, चुकायला जागा कमी.

---

अथणीकर
चुकायला जागा कमी, हे पटत नाही बघा. मोजूनच दाखवतो.

तीन बाय तीनचा एक निश्चयक पहिल्या ओळीने उलगडला तर ९ गुणाकार. क्रेमरला असे चार निश्चयक, म्हणजे ३६ गुणाकार आणि शेवटी ३ भागाकार. एकूण ३९.
इन्व्हर्स पद्धतीत नऊ कोफॅक्टर (एका घराची ओळ आणि रकाना झाकून उरलेल्या चार आकड्यांचा निश्चयक, चिन्हासकट), प्रत्येकी २ गुणाकार म्हणजे १८. निश्चयकासाठी आणखी ३. ॲडजॉइंटला उजव्या रकान्याने गुणायला ९. शेवटी ३ भागाकार. एकूण ३३.
लोप पद्धतीला, काहीही सोपं न पडता, गुणाकार-भागाकार मिळून १७.

आणि वरच्या गणितात सहगुणक १ सापडल्यामुळं १७ सुद्धा लागले नाहीत. क्रेमरमध्ये ५१०, ४६० असले मोठे आकडे निश्चयकाच्या पोटात जातात, ११८०, २१६० असे फुगतात. बिनकॅल्क्युलेटरच्या परीक्षेत चूक तिथंच होते.

---

वडगाव_गणित_कट्टा
दोघांचेही बरोबर, पण प्रश्न परीक्षेचाही आहे. सेकंड पीयूच्या पेपरात "सॉल्व्ह बाय मॅट्रिक्स मेथड" असा पाच गुणांचा प्रश्न येतो. तिथे लोप पद्धतीने बरोबर उत्तर काढले तरी विचारलेली पद्धत वापरलेली नाही म्हणून गुण जातात. तेव्हा ही पद्धत पायरीनिशी यायलाच हवी. याच गणितावर लिहून देतो.

डावीकडचा मॅट्रिक्स अ, उजवीकडचा रकाना ब. अ चा निश्चयक −८, शून्य नाही, म्हणून इन्व्हर्स आहे. हे वाक्य पेपरात लिहायचेच, मुले गाळतात.

कोफॅक्टर, ओळीप्रमाणे:
पहिली ओळ: ३, १, −५
दुसरी ओळ: १, −५, १
तिसरी ओळ: −५, १, ३

चिन्हांची जाळी + − + / − + − / + − + अशी. इथेच निम्म्या चुका. म्हणून कोफॅक्टर काढून झाले की दोन तपासण्या करा, पाव मिनिटही लागत नाही:

एक, मूळ मॅट्रिक्सची पहिली ओळ गुणिले तिचेच कोफॅक्टर: २×३ + १×१ + ३×(−५) = −८. निश्चयक आला पाहिजे.
दोन, मूळ पहिली ओळ गुणिले दुसऱ्या ओळीचे कोफॅक्टर: २×१ + १×(−५) + ३×१ = ०. शून्यच आले पाहिजे.

दुसरी तपासणी फार कमी जणांना सांगितली जाते. चिन्हाची चूक ती लगेच पकडते.

मग ट्रान्सपोज करून (ओळींचे रकाने करून) ॲडजॉइंट, ते ब ने गुणायचे, आणि शेवटी एकदाच −८ ने भागायचे. आधीच प्रत्येक घराला −८ ने भागून अपूर्णांक करून ठेवू नका.

क = (३×५१० + ४६० − ५×५९०) ÷ −८ = −९६० ÷ −८ = १२०. बाकी दोन तसेच.

---

तिनईघाट
तो −९६० वर क्रेमरमध्ये आलाच होता. म्हणजे या दोन पद्धती एकच काम करतात, फक्त मांडणी वेगळी. हे मुलांना शेजारी-शेजारी मांडून दाखवावं. पाठांतर निम्मं होतं.

---

खानापूरची_लेक
कट्टावाले दादा, एक गोष्ट लक्षात आणून देते. मार्कंडेयकाठ यांचा मॅट्रिक्स सममित आहे. पहिली ओळ २, १, ३ आणि पहिला रकाना पण २, १, ३. बाकीचेही तसेच. त्यामुळे कोफॅक्टरचा मॅट्रिक्सही सममित आला, आणि ट्रान्सपोज करायला विसरले तरी उत्तर बरोबरच येणार. शिकवायला हे उदाहरण धोक्याचे आहे. मुलगा घरी बरोबर उत्तर काढेल आणि पेपरात फसेल.

त्यापेक्षा हे घ्या:

क्ष + २य − झ = २
२क्ष − य + झ = ३
३क्ष + य − २झ = −१

निश्चयक १०. कोफॅक्टर ओळीप्रमाणे: १, ७, ५ / ३, १, ५ / १, −३, −५.
ट्रान्सपोज केल्यावर ॲडजॉइंटच्या ओळी: १, ३, १ / ७, १, −३ / ५, ५, −५.

क्ष = (२ + ९ − १) ÷ १० = १
य = (१४ + ३ + ३) ÷ १० = २
झ = (१० + १५ + ५) ÷ १० = ३

ट्रान्सपोज विसरलात तर १.८, ०.४, −०.२ येते. पहिल्या समीकरणात घातले की १.८ + ०.८ + ०.२ = २.८, यायला हवे होते २. पडताळा घेतला असता तर तिथेच कळले असते.

---

मार्कंडेयकाठ
खानापूरची लेक, हे फार मोलाचे. सुट्टीच्या सरावपत्रिकेत तुमचेच उदाहरण घालतो.

---

निपाणी_हायवे
पडताळ्याचा विषय निघालाय म्हणून एक जुनी रीत सांगतो. कॅल्क्युलेटर नसताना हातानं मोठे हिशेब करणारे लोक एक जादा रकाना ठेवत. प्रत्येक ओळीतल्या सगळ्या आकड्यांची, उजव्या बाजूसकट, बेरीज करून ओळीच्या शेवटी लिहायची. पुढं ओळीवर जी क्रिया कराल तीच त्या बेरजेवर पण करायची.

बिलाच्या गणितात:
(१) २ १ ३ ५१० | ५१६
(२) १ २ १ ४६० | ४६४
(३) ३ १ २ ५९० | ५९६

(४) साठी बेरजेच्या रकान्यात ५१६ − ९२८ = −४१२. ओळीत ०, −३, १, −४१०, त्यांची बेरीज पण −४१२. जुळलं, पुढं जा.
(५) साठी ५९६ − १३९२ = −७९६. ओळीत ०, −५, −१, −७९०, बेरीज −७९६. जुळलं.

शेवटी चूक आहे हे कळण्यापेक्षा चूक कुठल्या ओळीत झाली हे कळणं महत्त्वाचं. पेपरात पाच मिनिटं वाचतात. मात्र प्रश्नातूनच आकडा चुकीचा उतरवला असेल तर हा रकाना गप्प बसतो, तेवढं ध्यानात ठेवा. आणि दुपटीच्या जागी तिप्पट केली आणि बेरजेलाही तिप्पट केली तरी तो जुळणारच. फक्त चल जात नाही, त्यावरून ओळखायचं.

---

शहापूरची_वहिनी
हा रकाना आवडला. आणखी एक: वजाबाकी करायचीच नाही, असा नियम मुलांना लावा. ओळीला −२ ने गुणा, नवीन ओळ पूर्ण लिहा, मग बेरीज करा. कंसाआधीचे उणे फक्त पहिल्या पदाला लागते आणि बाकीची तशीच राहतात, ही चूक त्याने बंद होते. एक ओळ जास्त लिहावी लागते, लागू द्या.

आणि जे चल नाही तिथे शून्य लिहायचे. क्ष + य = ५ असेल तर १ १ ० ५. मॅट्रिक्स लिहिताना ते घर मोकळे सोडले की मुले शेजारचा आकडा तिथे सरकवतात.

---

चिकोडी_तालुका
सहगुणक १ कुठंच नसला तर? समजा क्ष चे सहगुणक ३, २, ५ आहेत.

---

अथणीकर
मग १ बनवायचा. पहिल्या ओळीतून दुसरी वजा करा, क्ष चा सहगुणक ३ − २ = १. ही नवी ओळ पहिलीच्या जागी ठेवा, दुसरी आणि तिसरी तशीच राहू देत. ओळीला ३ ने भागून अपूर्णांक मागं लावून घेऊ नका. अपूर्णांक शेवटच्या टप्प्याला आला तर येऊ दे, पहिल्या टप्प्याला कशाला?

---

गडहिंग्लज_ते_बेळगाव
बरं, लोप पद्धत जिंकली असे मानू. पण निश्चयकाचा एक फायदा तुम्ही सोडताय. नि = ० आला की लगेच कळते, उकल नाही.

---

वडगाव_गणित_कट्टा
थांबा, हे असे सोडता येणार नाही. नि = ० म्हणजे एकमेव उकल नाही, एवढेच. एकही नसेल किंवा अनंत असतील. बिलाच्याच गणितात तिसरे बिल बदलू:

(३) ३क + ३द + ४म = ९७०. हे (१) आणि (२) ची नुसती बेरीज आहे. नवी माहिती काहीच नाही. उकली अनंत.
(३) ३क + ३द + ४म = ९५०. डावी बाजू तीच, उजवी २० ने कमी. लोप केला की ० = −२० येते. उकल नाही, कुठल्या तरी बिलात चूक आहे.

दोन्हीकडे नि = ०.

---

गडहिंग्लज_ते_बेळगाव
मान्य. मग नियम असा करू: नि = ० आणि निक, निद, निम हे तिन्ही निश्चयकही ० असतील तर अनंत, त्यातला एखादा जरी शून्य नसेल तर उकल नाही. हा तर बऱ्याच गाइडांत छापलेला असतो.

---

खानापूरची_लेक
दुसरा अर्धा भाग बरोबर, पहिला चूक. छापलेला असला तरी. हे बघा:

क्ष + य + झ = १
क्ष + य + झ = २
क्ष + य + झ = ३

चारही निश्चयक शून्य. पण एकच बेरीज एकाच वेळी १, २ आणि ३ कशी असेल? उकल नाही. दोन चलांना तुमचा नियम चालतो (सहगुणक सगळेच शून्य नसले तर), म्हणून तो तीन चलांना तसाच ओढून नेला जातो. पीयूच्या पुस्तकातले विधान नीट वाचा: निश्चयक शून्य आणि ॲडजॉइंट गुणिले ब हेही शून्य आले, तर उकली अनंत असतील किंवा एकही नसेल. त्या "किंवा" ला कारण हेच उदाहरण. अशा वेळी पुन्हा लोप पद्धतीकडेच यावे लागते. शेवटची ओळ ० = ० आली की ० = काहीतरी, एवढेच पाहायचे.

तीन चलांचे प्रत्येक समीकरण म्हणजे एक प्रतल, सपाट पृष्ठभाग. डोळ्यासमोर आणायचे तर खोलीचा कोपरा आणा. दोन भिंती आणि जमीन एका बिंदूत भेटतात, ती एकमेव उकल. वरच्या उदाहरणात तिन्ही प्रतले समांतर आहेत, कुठलीच दोन भेटत नाहीत. कट्टावाल्यांच्या ९५० च्या बिलात मात्र दर दोन प्रतले एका रेषेत भेटतात, पण त्या तीन रेषा एकमेकींना समांतर राहतात, तिन्हींचा सामाईक बिंदू मिळत नाही. एकट्या नि ला हे दोन प्रकार वेगळे दिसत नाहीत.

---

गडहिंग्लज_ते_बेळगाव
पटले. उदाहरण उतरवून घेतले.

---

निपाणी_हायवे
अनंत उकली म्हटलं की मुलं "काहीही चालतं" असं समजतात. तसं नाही. (१) आणि (२) एवढीच दोन बिलं आहेत असं समजा. (४) वरून म = ३द − ४१०, आणि (२) मध्ये घातल्यावर क = ८७० − ५द. म्हणजे द ठरला की बाकी दोन ठरले. वर भाव ऋण असू शकत नाही, म्हणून द हा १३६.६७ ते १७४ यांच्या मधेच पाहिजे. आणि सगळे भाव दहाच्या पटीत आहेत असं कळलं तर चारच पर्याय उरतात:

द = १४०: क १७०, म १०
द = १५०: क १२०, म ४०
द = १६०: क ७०, म ७०
द = १७०: क २०, म १००

त्यात कुंद्याचा डबा मांड्यापेक्षा महाग आणि मांडा दहा रुपयांपेक्षा जास्त, एवढं जरी माहीत असलं तरी उत्तर एकच. तिसरं बिल नसलं तरी!

---

तिनईघाट
जुन्या भारतीय बीजगणितात नेमका हाच विचार भरपूर आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अनेकवर्णसमीकरण म्हणून प्रकरण आहे. पहिली अव्यक्त राशी यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे आपण क्ष, य, झ लिहितो तिथं ते रंगांची नावं वापरत. समीकरणांपेक्षा राशी जास्त असल्या की पूर्णांक उत्तरांसाठी कुट्टक ही जुनी रीत लावायची. आणि आपल्या कर्नाटकातच, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यातही फळांच्या भावाची, व्यापाऱ्यांच्या पैशांची असली गणितं आहेत.

त्याहून जुनी युक्ती आर्यभटांची, इ. स. ४९९ ची. एकेक राशी वगळून बाकीच्यांच्या बेरजा दिल्या असतील तर सगळ्या बेरजा मिळवा, आणि राशी जितक्या त्यापेक्षा एक कमी अशा आकड्याने भागा. साखर कारखान्याच्या काट्यावर तीन ट्रॉल्या दोन-दोनच्या जोडीने वजन केल्या असं धरा. उसाचं वजन टनांत:

क्ष + य = १९
य + झ = १७
झ + क्ष = २०

बेरीज ५६, २ ने भागून २८. झ = २८ − १९ = ९, क्ष = २८ − १७ = ११, य = २८ − २० = ८. तोंडी.

---

वडगाव_गणित_कट्टा
जुन्या काळचा विषय निघालाच आहे तर चीनच्या "नऊ अध्याय" या ग्रंथाचाही उल्लेख हवा. त्याच्या आठव्या अध्यायात भाताच्या पेंढ्यांचे गणित आहे: उत्तम, मध्यम, हलक्या प्रतीच्या ३, २, १ पेंढ्यांतून ३९ मापे धान्य, २, ३, १ मधून ३४, १, २, ३ मधून २६. ते रकान्यांत काड्या मांडून अगदी लोप पद्धतीनेच सोडवलेले आहे. या ग्रंथावर लिऊ हुईने इ. स. २६३ मध्ये टीका लिहिली. लोप पद्धतीला ज्याचे नाव देतात तो गाउस जन्मला १७७७ मध्ये, आणि क्रेमरचा नियम प्रसिद्ध झाला १७५० मध्ये. तेव्हा लोप आधी की क्रेमर आधी, याचे इतिहासातले उत्तर तरी स्पष्ट आहे.

(उत्तरे ३७/४, १७/४, ११/४. मुलांना द्यायला छान गणित.)

---

रायबागचा_शेतकरी
तुमची चर्चा वाचतोय. याचा शेतात उपयोग काय, ते पण कुणीतरी लिहा की. मी लिहितो.

माती परीक्षणाच्या कागदावरून समजा एकरी नत्र ११० किलो, स्फुरद ४६, पालाश ६० द्यायचंय (आकडे सोयीचे घेतलेत, तुमच्या शेताचे वेगळे असतील). युरियात नत्र ४६ टक्के. डीएपीत नत्र १८, स्फुरद ४६. पोटॅशमध्ये पालाश ६०. युरिया यु, डीएपी डी, पोटॅश पो किलो:

०.४६यु + ०.१८डी = ११०
०.४६डी = ४६
०.६०पो = ६०

खालून वर या. पोटॅश १०० किलो, डीएपी १०० किलो. डीएपीतून नत्र १८ मिळालं, राहिलं ९२, म्हणून युरिया २०० किलो. डीएपी आणि पोटॅश दोन-दोन पोती. युरियाचं पोतं ४५ किलोचं, म्हणून साडेचार पोत्यांच्या जवळपास. आधी युरियाचा हिशेब करून मग डीएपी टाकला की नत्र १८ किलो जादा होतं, ही नेहमीची चूक.

आता दुकानात पोटॅश नाही, १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) आहे म्हणाले. पोटॅशच्या जागी ते घेतलं, मिश्रखत मि किलो:

०.२६मि = ६०, म्हणून मि = २३०.८
०.४६डी + ०.२६मि = ४६, म्हणून डी = (४६ − ६०) ÷ ०.४६ = −३०.४

डीएपी उणे तीस किलो! आता शेतातून काढून आणायचा काय?

---

खानापूरची_लेक
रायबागकर, हे उदाहरण तर वर्गात दाखवायला हवे. गणित बरोबरच आहे. ऋण उत्तराचा अर्थ असा की या तीन खतांच्या कुठल्याही मिश्रणाने ती मात्रा बसणारच नाही. १०:२६:२६ मध्ये स्फुरद आणि पालाश सारखेच. तुम्हाला पालाश स्फुरदापेक्षा जास्त हवे. पालाश पुरे करताना स्फुरद आपोआप ६० होते, गरज ४६ ची.

थोडे जरी पोटॅश मिळाले तर डीएपी काढून टाका आणि युरिया, १०:२६:२६, पोटॅश असे तीन घ्या. स्फुरदावरून मि = ४६ ÷ ०.२६ = १७६.९. त्यातून पालाश ४६ मिळाले, राहिले १४, म्हणून पोटॅश २३.३. त्यातून नत्र १७.७, राहिले ९२.३, म्हणून युरिया २००.७. सगळे धन. पूर्ण १०० किलोऐवजी पाव भागाच्या आत पोटॅश लागले.

---

रायबागचा_शेतकरी
व्हय, हे जमतंय. धन्यवाद ताई.

---

अथणीकर
आणि यात बघा, समीकरणं आधीच पायरीदार आहेत. लोप करायची गरजच नाही, फक्त खालून वर यायचं. लोप पद्धत म्हणजे कुठल्याही तीन समीकरणांना असं पायरीदार करून घेणं, एवढंच. रायबागकरांचं गणित आधी द्या, बिलाचं नंतर. मुलाला कुठं पोचायचंय ते आधीच दिसतं.

---

चिकोडी_तालुका
केसीईटीसाठी, म्हणजे पीयूनंतरच्या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेसाठी काय करायचं? तिथं पर्याय असतात आणि वेळ कमी.

---

वडगाव_गणित_कट्टा
पर्याय समीकरणांत घालून पाहा, पण तिन्हींत. एका समीकरणात दोन पर्याय बसतात असे मुद्दाम ठेवलेले असते. आधी तिन्ही समीकरणांची बेरीज करून बघा, कित्येकदा क्ष + य + झ सरळ मिळते. आणि "कोणत्या किमतीला एकमेव उकल नाही" असे विचारले तर थेट निश्चयक शून्य धरा. तिथे मात्र लोपाने वेळ जातो, निश्चयकच वापरा. केसीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून शेवटी कोरे काही सोडायचे नाही.

---

निपाणी_हायवे
इंजिनियरिंगला जाणाऱ्यांसाठी इन्व्हर्सचा एक उपयोग, जो लोप पद्धत अशी सहज देत नाही. बिलाच्या गणितात दुसरं बिल ४६० ऐवजी ४६१ असतं तर? ॲडजॉइंटचा दुसरा रकाना १, −५, १, भागिले −८. म्हणजे क आणि म प्रत्येकी साडेबारा पैशांनी कमी, द साडेबासष्ट पैशांनी जास्त. क ११९.८७५, द १५०.६२५, म ३९.८७५. घालून बघा, ११९.८७५ + ३०१.२५ + ३९.८७५ = ४६१.

उजवीकडची चूक उत्तरात किती पसरते ते इन्व्हर्सचे आकडे सांगतात. ॲडजॉइंटच्या आकड्यांच्या मानानं निश्चयक फार लहान असला तर एका रुपयाच्या पूर्णांकनानं उत्तर शंभर रुपयांनी हलू शकतं. गणित बरोबर, पद्धत बरोबर, आणि तरी उत्तर भरवशाचं नाही. मोजमाप करून आलेल्या आकड्यांवर काम करताना हे आधी बघायचं.

---

मार्कंडेयकाठ
मूळ प्रश्नाकडे येतो. सरावपत्रिकेचा क्रम असा धरतोय: आधी रायबागकरांचे खताचे गणित, खालून वर येण्यासाठी. मग बिलाचे गणित लोप पद्धतीने, निपाणीकरांच्या बेरजेच्या रकान्यासह. मग ९७० आणि ९५० ची बिले. त्यानंतर मॅट्रिक्स, पण खानापूरच्या लेकीच्या उदाहरणावर, आणि शून्य येणारी तपासणी सक्तीची. गडहिंग्लजकरांची क्रेमर पद्धत शेवटी, इन्व्हर्सच्या शेजारी मांडून. इंग्रजी संज्ञा मॅट्रिक्सच्या टप्प्याला आणायच्या, लोपाच्या टप्प्याला मराठीच. काही राहिले का?

---

शहापूरची_वहिनी
शाब्दिक उदाहरणांतून समीकरण मांडणे राहिले. क म्हणजे कुंदा नव्हे, एका डब्याचा भाव. "क म्हणजे काय, कोणत्या एककात" ही ओळ पहिली लिहिल्याशिवाय दुसरी लिहू देऊ नका.

---

गडहिंग्लज_ते_बेळगाव
आणि क्ष + य + झ = १, २, ३ वाले उदाहरण क्रेमरच्या आधी नको, नंतर द्या. नियम हातात आल्यावरच तो कुठे तुटतो ते कळते.

---

मार्कंडेयकाठ
दोन्ही घेतले. पत्रिका तयार झाली की इथेच टाकतो. उत्तरे तपासायला अथणीकर आणि खानापूरची लेक, तुमच्याकडे पाठवू का?

---

खानापूरची_लेक
पाठवा. फक्त प्रत्येक मॅट्रिक्स सममित नाही ना, ते आधी बघून पाठवा.

---

अथणीकर
आणि निश्चयक १ किंवा −१ येणारी गणितं कमी ठेवा. शेवटी भागायला विसरलेलं त्यात कळतच नाही.